व्हेंटिलेटरवरचा पेशंट: बेडवर सायकल की काठावर बसवणं?

गंभीर न्यूमोनिया किंवा एआरडीएसचा (फुफ्फुसं सुजून ऑक्सिजन घटण्याच्या गंभीर आजाराचा) पेशंट स्थिरावला, झोपेचं औषध कमी झालं, हाक मारली की डोळे उघडायला लागला. आता फिजिओने बेडवरच पायांना सायकल लावावी की त्याला काठावर बसवावं? व्हेंटिलेटरच्या हवेतला ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) १० च्या आत, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९० च्या वर, श्वास मिनिटाला ३० च्या आत ही ढोबळ चौकट दोन्हींना लागू आहे.

सायकलचा गुण मोठा आहे: पेशंट गुंगीत असला तरी मोटर पाय फिरवते. तोंडातली श्वासाची नळी फारशी हलत नाही आणि मनुष्यबळही कमी लागतं.

खटकतं ते तिथेच. पेशंटने जोर लावणं सोडलं तरी पाय फिरतच राहतात. कागदावर ‘३० मिनिटं व्यायाम’ अशी नोंद होते, मांडीच्या स्नायूने मात्र जेमतेम काम केलेलं असतं. स्क्रीनवरची मिनिटं पाहून राउंडवरचे डॉक्टर आणि नातेवाईक दोघंही निर्धास्त होतात. पेशंटने स्वतः किती जोर दिला ते वेगळं टिपून ठेवलं तरच त्या नोंदीला अर्थ, आणि गडबडीत नेमकं तेच राहून जातं.

काठावर बसवलं की असं काही लपत नाही. मान धरतो का, धड एका बाजूला कलतं का, हे लगेच दिसतं. तयारी मात्र नीट हवी. माणसं तीन लागतात, त्यातल्या एकाने नळी सोडून दुसरं काहीही करायचं नाही. आधी सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं), मग नळी ओठांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते वाचून ठेवायचं. व्हेंटिलेटरच्या पाइपमध्ये साठलेलं पाणी आधीच काढायचं, नाहीतर वळवताना ते थेट नळीत उतरतं आणि खोकल्याची उबळ येते. पेशंटला व्हेंटिलेटरच्याच बाजूला वळवायचं. डोक्याकडचा भाग आधी थोडा वेळ उंच ठेवला की बीपी एकदम पडत नाही. तळवे टेकले पाहिजेत. बेड उंच असेल तर खाली स्टूल. पहिल्या दिवशी ५ मिनिटंही पुष्कळ झाली.

पुराव्याने कुणाचंच पारडं जड होत नाही. २०२४ च्या ३६० पेशंटच्या चाचणीत नेहमीच्या फिजिओथेरपीला सायकलची जोड देऊनही हालचालींच्या क्षमतेत फरक दिसला नाही. २०२२ च्या ७५० पेशंटच्या चाचणीत लवकर आणि जास्त हालचाल करवून निकाल सुधारला नाही, उलट सॅच्युरेशन आणि नाडीच्या तक्रारी वाढल्या. त्यामुळे बसवण्याचीही घाई नको.

तरी पेशंट जागा असेल आणि तीन माणसं हाताशी असतील, तर माझा कल काठावर बसवण्याकडे. बसल्यावर सॅच्युरेशन ८८ च्या खाली गेलं आणि मिनिटभरात सावरलं नाही तर लगेच आडवं करायचं. गुंगी उतरत नसेल किंवा रात्रपाळीला एकच सिस्टर असेल, तर सायकलच बरी. फक्त नोंदीत मोटरची मिनिटं आणि पेशंटची मिनिटं वेगवेगळी लिहावीत.