‘मायटोकॉन्ड्रियाला ऊर्जा, प्रतिकारशक्तीला बळ’: क्यू-टेन कॅप्सूलची एक डबी वापरून पाहिल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात तापातून उठल्यावर बरेच दिवस अंगात त्राण नव्हते. तेव्हा घराजवळच्या औषधांच्या दुकानदारांनी कोएन्झाइम क्यू-टेनची, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार होताना लागणाऱ्या एका पदार्थाची, डबी माझ्यासमोर ठेवली आणि ‘बाई, इम्युनिटीसाठी हल्ली बरेच जण हेच नेतात’ असे सांगितले. 100 मिलिग्रॅमच्या 30 कॅप्सूल, किंमत 690 रुपये, आणि वर ठळक अक्षरांत मायटोकॉन्ड्रियाला ऊर्जा व रोगप्रतिकारशक्तीला बळ देण्याचा दावा. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या, पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिका, हा दरवर्षी माझ्याकडे असलेला धडा असल्यामुळे मी ती डबी घेतली, पूर्ण संपवली आणि आतले पत्रकही ओळ न ओळ वाचले.

वस्तू म्हणून कॅप्सूल चांगली आहे. एक कॅप्सूल मुद्दाम सुईने टोचून पाहिली, तेव्हा आतून नारिंगी, दाटसर तेल आले आणि बोटावरचा डाग हळदीच्या डागासारखा साबणालाही लवकर दाद देईना. क्यू-टेनचा मूळ रंग तसाच असतो आणि ते तेलात विरघळते. म्हणूनच ते जेवणानंतर, जेवणात थोडे तूप-तेल असताना घेतले तर अधिक शोषले जाते, आणि पत्रकात ही सूचना स्पष्ट दिलेली आहे. घशाला त्रास झाला नाही, पित्तही झाले नाही.

माझी तक्रार पत्रकातल्या एका वाक्याबद्दल आहे. ‘अमेरिकेतील संशोधनानुसार मायटोकॉन्ड्रिया प्रतिकारशक्तीचे नियंत्रण करतात’ असे तिथे छापले आहे. शास्त्रज्ञाचे नाव नाही, वर्ष नाही. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग वाचणाऱ्याला कळला तर डबीवरचा ‘बळ’ हा शब्द त्याला वेगळा दिसेल.

या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे काम ज्यांच्या नावावर आहे त्यांपैकी एक म्हणजे झिजियान चेन. चीनच्या फुजियान प्रांतात जन्मलेले हे शास्त्रज्ञ डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात संशोधन करतात. 2005 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने ‘मॅव्हस’ नावाचे प्रथिन जगासमोर आणले. फ्लूसारख्या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, पेशीत आला की ‘रिग-आय’ हे पहाऱ्यावरचे प्रथिन तो ओळखते आणि मॅव्हसला खबर देते. मग इंटरफेरॉन हे विषाणूविरुद्ध इशारा देणारे प्रथिन तयार होऊ लागते आणि शेजारच्या पेशीही सावध होतात. या शोधातली विलक्षण बाब मॅव्हसच्या जागेत होती. त्याचे शेपूट तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणात रोवलेले असते आणि ते कापून टाकले तर मॅव्हसचे कामच थांबते. हेपटायटिस-सीचा विषाणू नेमके हेच करतो. आपल्या विकराने (एन्झाइमने) तो मॅव्हसला आवरणापासून छाटून टाकतो आणि पेशीला कसलीही हाक देता येत नाही. त्याच वर्षी आणखी तीन गटांनी हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधून त्याला वेगवेगळी नावे दिली होती. ज्या कणिकेला आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर ‘पेशीचा ऊर्जा कारखाना’ एवढेच लिहीत आलो, तिच्या भिंतीवर विषाणूविरुद्धची धोक्याची घंटा टांगलेली आहे, हे वाचल्यापासून तो धडा मी वेगळ्या पद्धतीने शिकवते.

पण हीच तंतुकणिका दाह भडकवूही शकते. तिचे पूर्वज जीवाणू होते आणि त्या वंशाची खूण म्हणून तिच्याकडे स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आहे: माणसात 16,569 बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आणि 37 जनुके. मोठ्या अपघातात ऊती चिरडल्या की हा डीएनए रक्तात सांडतो आणि शरीर त्याला जीवाणूंचा हल्ला समजते. बोस्टनमधील कार्ल हाउझर यांच्या गटाने 2010 मध्ये जखमी रुग्णांच्या रक्तात हे दाखवले. चेन यांच्याच प्रयोगशाळेने पुढे ‘सीगॅस’ हे प्रथिन शोधले, ज्यासाठी त्यांना वैद्यकीय संशोधनातला 2024 चा लास्कर पुरस्कार मिळाला. पेशीद्रवात नको तिथे आलेला डीएनए ते ओळखते, मग तो विषाणूचा असो वा आपल्याच तंतुकणिकेतून गळालेला. ल्युपससारख्या विकारात, जिथे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, तिथे या गळतीचा वाटा असल्याचे पुरावे आहेत. अशा रुग्णाला प्रतिकारशक्तीचे आणखी ‘बळ’ कशासाठी द्यायचे?

यात क्यू-टेन कुठे बसते? 1957 मध्ये विस्कॉन्सिन येथे फ्रेडरिक क्रेन यांनी बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांतून ते वेगळे केले. ऊर्जानिर्मितीच्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे वाहून नेणे हे त्याचे काम, आणि आपले शरीर ते स्वतः तयार करते. हृदय दुबळे झालेल्या 420 रुग्णांवरील, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 300 मिलिग्रॅम मात्रेने दोन वर्षांत लाभ दिसला, ही आदराने घ्यावी अशी गोष्ट आहे. पण ती चाचणी हृदयाची होती. मॅव्हस किंवा सीगॅसवरच्या संशोधनातून ‘ही कॅप्सूल घेतल्याने ताप येणार नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. माझा थकवा पाचव्या आठवड्यात गेला, परंतु विषाणूजन्य तापानंतरचा थकवा तसाही जातो, म्हणून त्याचे श्रेय मी डबीला देत नाही.

दुसरी डबी मी बाबांसाठी आणली होती. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप असल्याने ते वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेतात. क्यू-टेनमुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि झडपेवर रक्ताची गाठ धरण्याचा धोका वाढू शकतो. ही सूचना पत्रकात आहे, पण घडीच्या आत, शेवटच्या ओळीत, भिंग लावावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत. डबीच्या बाजूला ‘औषधी वापरासाठी नाही’ हे शब्दही तसेच बारीक आणि फक्त इंग्रजीत. दावा मराठीत ठळक आणि इशारा इंग्रजीत बारीक, या मांडणीचा मला मनापासून राग आला. बाबांच्या डॉक्टरांनी फोनवरच ‘देऊ नका’ असे सांगितले आणि दुकानदारांनी न उघडलेली डबी विनातक्रार परत घेतली.

कॅप्सूलच्या दर्जाला मी पाचपैकी चार गुण देते आणि डबीवरच्या मजकुराला एक. हृदयरोगतज्ज्ञांनी सुचवले असेल तर हे उत्पादन जरूर घ्यावे. केवळ प्रतिकारशक्तीसाठी मी ते पुन्हा विकत घेणार नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.