जांबोटीच्या पुढे वाट कोण दाखवणार? फोन, सायकल कॉम्प्युटर की सेलवरचा जीपीएस

बेळगावहून जांबोटी-कणकुंबी करत चोर्ल्याकडे, नाहीतर खानापूर-लोंढ्यावरून कॅसलरॉक आणि पुढे जोयड्याकडे चार-पाच दिवसांचा एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, दौरा आखणारा प्रत्येक जण विचारतो, फोन पुरेल की वेगळा जीपीएस घेऊ? मी उलट दोन प्रश्न विचारतो. पावसात जाणार का? आणि रात्री मुक्कामाला प्लग मिळणार का?

दोन्ही उत्तरं सोयीची असतील, तर फोनच घ्या. रेंज गेली की नकाशाही गेला, हा समज अजून टिकून आहे, पण उपग्रहाचा सिग्नल पकडायला सिमकार्डही लागत नाही. नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा. गुगल मॅप्स मात्र ऑफलाइन असताना सायकलचा मार्ग काढून देत नाही, गाडीचाच देतं. त्यापेक्षा ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड ही ॲप्स बरी. दोघांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचाच, म्हणजे लोकांनी मिळून भरलेला. ऑरगॅनिक मॅप्स फुकट आणि सुटसुटीत. ओस्मअँडच्या सेटिंगमध्ये हरवायला होतं, पण जीपीएक्स फाइलवरून, म्हणजे आधीच आखून ठेवलेल्या मार्गावरून, वळणं सांगण्यात ते सरस आहे. शिवाय त्यात गावांची नावं कोणत्या भाषेत दिसावीत हे निवडता येतं. पाटी कन्नडमध्ये आणि नकाशा इंग्रजीत, अशा मुलखात ही सोय मोलाची. अर्थात कुणी ती नावं नकाशात भरली असतील तरच.

फोन हरतो तो पावसापुढे. काचेवर थेंब पडले की नकाशा आपल्या मनाने सरकतो, झूम होतो. ओलं बोट पुसायला कोरडं फडकंही उरलेलं नसतं. चार्जिंगच्या खाचेत पाणी शिरलं की पॉवर बँक असून नसल्यासारखी. धक्क्यांचंही बघा. मोटारसायकलच्या हँडलवर आयफोन लावल्यास कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय. खडबडीत वाटेवर माझा सल्ला एकच, फोन खिशात.

गार्मिन एज ५४० किंवा वाहू बोल्टसारखा, हँडलवर बसणारा सायकल कॉम्प्युटर दिसायला देखणा. पुढचा चढ किती उरलाय ते दाखवतो, ऊन असलं तरी वाचता येतो. कंपन्यांच्या आकड्यांनुसार एज २६ तास चालतो, जुना बोल्ट १५. रविवारी राजहंसगड किंवा वैजनाथ करून घरी येणाऱ्याला तो उत्तम. दौऱ्यात मात्र दर एक-दोन रात्रींनी प्लग शोधत बसायचं, म्हणजे तीच फोनची कटकट, वर हजारो रुपये.

म्हणून लांबच्या दौऱ्याला माझं मत गार्मिन ईट्रेक्स ३२एक्स या सेलवर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या जीपीएसला. स्क्रीन इवलीशी, त्यावर गावाचं नाव एकेक अक्षर निवडून लिहिताना जीव जातो, तेव्हा मार्ग घरीच संगणकावरून भरून न्यावा. पण बटणं आहेत, हातमोजे ओले असले तरी चालतात. आणि दोन पेन्सिल सेल! कंपनी २५ तास म्हणते. हे सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात. पण ते बहुधा रिमोट आणि भिंतीवरच्या घड्याळासाठीचे साधे झिंक-कार्बन सेल असतात, जीपीएसमध्ये लवकर मान टाकतात. अल्कलाइन किंवा रिचार्जेबल जोड्या बेळगावातूनच घेऊन निघा. २२एक्स स्वस्त आहे, पण त्यात हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर नाही आणि थांबल्यावर दिशा दाखवणारा कंपासही नाही. तिठ्यावर उभं राहून कुठली वाट हे ठरवताना तोच लागतो.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा कागदी नकाशा सोबत असावा. कणकुंबीच्या पुढे गोव्याच्या बाजूला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, कशा दाटतात हे त्यावर एका नजरेत कळतं.

वनखात्याचं फाटक उघडं आहे का, हे यातलं काहीच सांगत नाही. भीमगड अभयारण्यातून ठळक रेघ दिसली म्हणून सायकल घालू नका, आधी परवानगी विचारा. आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारं इनरीचसारखं यंत्र परदेशातून कुणी आणून देत असेल, तर नको म्हणा. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणेही त्यापायी अडकलेत.