खिशातला ब्रेथ अॅनालायझर: कोणता घ्यावा आणि कशासाठी

फुंकर मारून श्वासातलं दारूचं प्रमाण दाखवणाऱ्या, ऑनलाइन मिळणाऱ्या या यंत्रांत पाहायची पहिली गोष्ट म्हणजे आतला सेन्सर. हजाराच्या आसपासच्या यंत्रांत सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो दारूबरोबर सिगारेटचा धूर, माउथवॉश आणि मधुमेही माणसाच्या श्वासातलं अॅसिटोनही पकडतो, त्यामुळे आकडा भरवशाचा राहत नाही. असलं यंत्र घेऊच नका. दुसऱ्या प्रकारच्या, फ्युएल सेल सेन्सरचं यंत्र महाग पडतं, पण धूर आणि अॅसिटोनला सहसा फसत नाही. पैसे घालायचेच तर त्यातच घाला.

दुसरी अडचण एककाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. हाच आकडा यंत्रावर 0.03 टक्के बीएसी (रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण) असा दिसतो, किंवा श्वासाच्या लिटरमागे साधारण 0.14 मिलिग्रॅम असा. परदेशी मर्यादा धरून अलार्म 0.05 किंवा 0.08 ला लावलेली यंत्रंही येतात. तशा यंत्रात 0.04 ला शिट्टी वाजत नाही आणि आपल्याकडे तो सरळ गुन्हा आहे. डबा उघडल्यावर आधी सेटिंग बदला.

शेवटच्या घोटानंतर किमान 15 ते 20 मिनिटं थांबून फुंकायचं. तोंडात राहिलेल्या दारूमुळे आकडा फुगतो. फुंकर एकसारखी, पाचेक सेकंद, छाती रिकामी होईपर्यंत. अर्धवट फुंकलं की आकडा खोटाच कमी येतो. पण खरा धोका वेगळा आहे: पिऊन झाल्यावरही अर्धा ते दीड तास रक्तातलं प्रमाण चढत राहतं. कोरेगाव पार्कच्या पार्किंगमध्ये 0.02 दिसलं म्हणून निघालेला माणूस नाकाबंदीपर्यंत 0.03 च्या वर गेलेला असू शकतो. म्हणून ‘आत्ता चालवू का’ या प्रश्नासाठी हे यंत्र निरुपयोगी. प्यायलात तर रिक्षा किंवा कॅब करा.

हिशेब पाहा. 70 किलोच्या पुरुषाला 30 मिलीचा एक पेग 100 मिली रक्तामागे अंदाजे 20 मिलिग्रॅमपर्यंत नेतो, म्हणजे लागोपाठ दोन झाले की मर्यादा ओलांडली. बारीक अंगाच्या माणसाला आणि बायकांना आकडा आणखी वर जातो. शरीर हा आकडा तासाला जेमतेम 15 मिलिग्रॅमने उतरवतं; कॉफी, लिंबूपाणी, आंघोळ यांनी त्यात काडीचा फरक पडत नाही. रात्री दहाला बसून 650 मिलीच्या दोन स्ट्राँग बिअर घेतलेला माणूस सकाळी सातला हिंजवडीला निघाला तरी मर्यादेच्या वर असू शकतो. हे यंत्र खरं उपयोगी पडतं ते इथे, दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हाही 0.00 दिसेपर्यंत किल्ली हातात घेऊ नका.

नाकाबंदीवर मात्र तुमच्या यंत्राच्या आकड्याला कोणी विचारत नाही. फुंकायला नकार दिलात तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि नकार तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून जातो. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. जागेवर दंड भरून हा गुन्हा मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही.

लायसन्सचं प्रकरण त्याशिवाय. आरटीओची निलंबनाची नोटीस आली की म्हणणं मांडायची संधी असते. ती दवडू नका, लेखी उत्तर द्या. निलंबन किमान तीन महिन्यांचं धरून चाला. आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम 182 वेगळं लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 दंड किंवा दोन्ही.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला कॅलिब्रेशनचं विचारा. सेन्सर हळूहळू सरकतो, सहा महिने ते वर्षाने पुन्हा जुळवावा लागतो. ही सोय पुण्यात आहे की यंत्र कुरिअरने पाठवावं लागतं, खर्च किती, हे पावतीवर लिहून घ्या. उत्तर गोलमाल आलं तर यंत्र परत ठेवा.