दहावीनंतर आयटीआय की पॉलिटेक्निक?

आयटीआयमधील फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे ट्रेड (कौशल्याचे अभ्यासक्रम) दोन वर्षांचे व वेल्डर एक वर्षाचा असतो, तर पॉलिटेक्निकची अभियांत्रिकी पदविका तीन वर्षांची असते. तरीही निर्णय मुदतीवरून घेऊ नये, कारण महत्त्वाचा फरक विद्यार्थ्याचा दिवस कुठे जातो यात आहे. फिटरच्या विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ वर्कशॉपमध्ये जातो. सुरुवातीला हातात कानस आणि हॅकसॉ येते, लोखंडी तुकड्याच्या कडा काटकोनात आणताना दंड भरून येतात आणि 0.02 मिलिमीटरपर्यंत माप दाखवणारे व्हर्निअर कॅलिपर अचूक वाचता आल्याशिवाय जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मापात बसत नाही. ज्या मुलाला हे काम कंटाळवाणे वाटते, त्याला केवळ लवकर नोकरी मिळेल म्हणून तिथे घालू नये.

पदविकेतही वर्कशॉप असते, परंतु पहिल्या वर्षाचा भार गणित आणि विज्ञानावर असतो. दहावीला गणितात जेमतेम तरलेला विद्यार्थी इथेच अडकतो. अशा मुलाने आधी आयटीआय करावा, असे माझे मत आहे. दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झालेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे एकूण चार वर्षे, एकच वर्ष जास्त, आणि हाती कौशल्य आधीच आलेले. शिवाय 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनासह प्रशिक्षण घेण्याची वाटही खुली राहते. गणित पक्के असेल आणि पुढे पदवी घ्यायची असेल, तर मात्र पदविकाच सरळ पडते, कारण तिच्यानंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

ठाण्याची वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर या औद्योगिक पट्ट्यांत अनेक कारखान्यांच्या जागी कार्यालये व डेटा सेंटर आली, म्हणून कारागिरांची गरज संपली, हा समज चुकीचा आहे. वातानुकूलन, लिफ्ट, जनरेटर आणि विजेची पॅनेल चोवीस तास चालू ठेवण्यासाठी प्रत्यक्ष दुरुस्ती जाणणारा माणूस लागतोच. पदविकाधारकाकडे बहुधा देखरेख आणि नियोजन येते.

दोन्हींची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र असल्याने दोन्ही अर्ज भरावेत. पसंतीक्रम देण्यापूर्वी संस्थेचे वर्कशॉप पाहावे आणि चालू स्थितीतील एका यंत्रावर किती विद्यार्थी काम करतात, हे तिथल्या मुलांनाच विचारावे.