छोट्या बिल्डरसाठी इन्स्टा, फेसबुक आणि व्हॉट्सअॅप : पावसाळा ते पाडवा वापरून आलेला अनुभव

आधी निकाल सांगते. नाशिकसारख्या शहरात छोट्या बिल्डरला सोशल मीडियाचा उपयोग होतो, नक्की होतो. पण फ्लॅट विकणाऱ्या जाहिरातींचा कमी आणि चालू काम दाखवणाऱ्या व्हिडिओंचा जास्त. आणि सगळ्यात जास्त बुकिंग आलं ते व्हॉट्सअॅपवरून, जिथे आम्ही जाहिरातीवर एक रुपया खर्च केला नाही.

फर्म बाबांची. एका वेळी एखादी अपार्टमेंट आणि दोन-तीन बंगल्यांची कंत्राटं, एवढाच पसारा. मी सिव्हिल इंजिनीअर. साइट बघते आणि गेल्या पावसाळ्यापासून ही खातीही मीच चालवते. त्याआधी साइटवरचा फ्लेक्स, दसऱ्या-पाडव्याला पेपरात जाहिरात आणि ओळखीतून येणारी माणसं यांवरच भागायचं.

फेसबुकच्या लीड फॉर्मबद्दल (इच्छुकाचं नाव-नंबर, म्हणजे 'लीड', मिळवून देणारी जाहिरात) आधी लिहिते, कारण नव्या माणसाचे पैसे तिथेच जातात. फॉर्ममध्ये नाव आणि नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरले जातात. समोरच्याने दोनदा बोट टेकवलं की आपल्याकडे लीड जमा. फोन केला की उत्तर येतं, "मी कुठे फॉर्म भरलाय?" उरलेल्यांत एजंट, यूपीव्हीसी खिडक्यावाले, टाइल्सवाले आणि साइटवर नोकरी शोधणारी मुलं. 'हायर इंटेंट' प्रकारचा (पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लावणारा) फॉर्म घेतला आणि बजेट व ताबा कधी हवा हे दोन प्रश्न हाताने लिहायला ठेवले, तेव्हा लीड एकदम कमी झाल्या. पण जे उरले ते रविवारी साइटवर खरंच यायला लागले. खर्च धरताना जाहिरातीवरचा १८ टक्के जीएसटी विसरू नका. निवासी फ्लॅटवर १ एप्रिल २०१९ पासून जे कमी दर लागू झाले, त्यांत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही. त्यामुळे तो कर सरळ आपल्या खिशातून जातो.

इन्स्टाग्रामचा अनुभव मात्र फार चांगला. सुरुवातीला एका एजन्सीला काम दिलं होतं, नाव लिहीत नाही. त्यांनी आमच्या चार मजली इमारतीच्या पोस्टवर काचेच्या टॉवरचे आणि परदेशी किचनचे फोटो लावले. एका थ्रीडी चित्रात तर गच्चीवर स्विमिंग पूल! बाबांनी ते तिथेच थांबवलं. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. त्याला बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासकट परत. शिवाय तो पूल मुळात नव्हताच, मग दाखवायचा कशाला?

त्यानंतर मी स्वतः शूट करायला लागले. सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ कव्हर ब्लॉकचा, म्हणजे सळई साच्याच्या प्लायपासून वर धरणाऱ्या छोट्या ठोकळ्याचा. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मोबाइल अगदी प्लायला टेकवून धरला. सळईखालचा २० मिलिमीटरचा ब्लॉक बोटाने बाहेर सरकवला, सळई खाली दाबून प्लायला टेकवून दाखवली आणि ब्लॉक परत जागेवर बसवला. सोबत एवढंच सांगितलं की हा नसेल तर सळईखाली काँक्रीटचं आवरण राहत नाही, काही वर्षांनी सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडतात. त्या रात्री लोकांनी मेसेजमध्ये आपापल्या घरांच्या छताचे फोटो पाठवले. "ताई, आमच्याकडे असंच झालंय, आता काय करायचं?" सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) कधी काढायचं हा प्रश्न तर रोजचा. मी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातले आकडे सांगते: साध्या ओपीसी सिमेंटला साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर आपल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारूनच काढा, हेही लिहिते. असंच विचारता विचारता एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या बंगल्याचं कामच आम्हाला दिलं. सर आजही प्रत्येक व्हिडिओखाली शंका विचारतात.

नियमांबद्दल दोन शब्द, कारण बरेच जण इथे निष्काळजी असतात. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) नोंदणी होण्याआधी जाहिरात करता येत नाही. 'लवकरच येत आहे' ही पोस्टही जाहिरातच. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड सक्तीचा आहे, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. रीलमध्ये कोड खाली ठेवला की कॅप्शन आणि लाइकच्या बटणांखाली झाकला जातो, म्हणून वर उजवीकडे ठेवायचा. आणि 'किंमत डीएममध्ये' हा प्रकार मला अजिबात पटत नाही. आम्ही कार्पेट एरिया आणि किंमत कॅप्शनमध्येच लिहितो. फुकटचे मेसेज कमी होतात आणि ज्याला परवडत नाही त्याला ताटकळावं लागत नाही.

आता व्हॉट्सअॅप बिझनेस. ब्रॉडकास्टचा फार उपयोग नाही. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. खरा उपयोग झाला तो बुकिंग केलेल्यांना दर शनिवारी पाठवलेल्या फोटोंचा. सगळ्या इमारतीचा नाही, ज्याच्या त्याच्या फ्लॅटचा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की गळती तपासायला पाणी भरून ठेवतो, भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने रेघ आणि तारीख. त्या रेघेचा फोटो, मग दुसऱ्या दिवशी त्याच रेघेचा पुन्हा, आणि खालच्या मजल्यावरच्या कोरड्या छताचा. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका दादांनी हे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. त्यांच्या मावसभावाने शेजारचा फ्लॅट घेतला, तोही आमच्याशी फोनवर एकदाच बोलून. पाडव्याची निम्मी बुकिंग अशा ओळखीतूनच झाली.

वेळ खूप जातो, हे खरं. दिवसभर साइट आणि रात्री उत्तरं. पण हे काम बाहेर द्यायला मी तयार नाही. लोकांचा पहिला प्रश्न किचनच्या रंगाचा नसतोच. पाणी महापालिकेचं की बोअरचं, पार्किंग कागदावर आहे का, आठ वाजता लाइट गेली तर लिफ्टला बॅकअप आहे का, हे विचारतात. त्यामुळे या नंबरवरचा फोन साइट माहीत असलेल्या माणसानेच उचलावा. सध्या दिवसा तो आमच्या सुपरवायझरकडे असतो आणि सातनंतर माझ्याकडे. लीड फॉर्मची जाहिरात फक्त दसरा आणि पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात चालू ठेवणार आहे, बाकी वर्षभर बंद.