छोटे रीड की लांब रीड? आयसीयूतल्या जंतूचा माग काढताना

आठवड्याभरात आयसीयूतल्या तिघांच्या कल्चरमध्ये कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकला न जुमानणारी क्लेबसिएला (एक जीवाणू) आली. एकाकडून दुसऱ्याकडे गेली, की तिघे आपापली घेऊन आले? अँटिबायोग्राम, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं याचा तक्ता, तिघांचा सारखाच, त्यामुळे तिथे काही कळत नाही. पूर्वी पीएफजीई पद्धतीने डीएनएचे तुकडे जेलवर वेगळे करून त्यांचे पट्टे जुळवत बसायचे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. खरी निवड इल्युमिना आणि नॅनोपोअर या डीएनए वाचणाऱ्या दोन तंत्रांतली.

इल्युमिनाचे रीड, म्हणजे सलग वाचलेले डीएनएचे तुकडे, छोटे, बहुतेकदा 150 ते 300 बेसचे (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), पण अचूक. क्लेबसिएलाचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, साधारण 55 लाख बेसचा. दोन नमुन्यांत पाच-सात अक्षरांचा फरक आहे की दोनशेंचा, हे त्यावरून खात्रीने सांगता येतं. 2011 साली अमेरिकेतल्या एनआयएच क्लिनिकल सेंटर या संशोधन रुग्णालयात अशाच क्लेबसिएलाची पहिली रुग्ण घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण सापडला. मधल्या काळात कुणीच नाही, म्हणजे संबंध नसावा असं कुणालाही वाटेल. जीनोमने दाखवलं, जंतू तोच. पुढे एकूण 18 रुग्णांत तो सापडला. सिंकच्या ड्रेनमध्ये आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही निघाला.

अडचण येते ती प्लाझ्मिडपाशी, म्हणजे जीवाणूतल्या डीएनएच्या छोट्या, सुट्या वर्तुळापाशी. कार्बापेनेम निकामी करणारं एनडीएमसारखं जनुक प्लाझ्मिडवर बसून क्लेबसिएलातून ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूत उडी मारतं. जंतू वेगळे दिसतात, साथ मात्र एकच असते. या जनुकांच्या आजूबाजूला आयएस26 सारखे पुन्हा पुन्हा येणारे डीएनएचे तेच ते तुकडे असतात, प्रत्येकी 800 बेसच्या वर. 150 बेसचा रीड त्यांच्या पलीकडे पोचतच नाही. जनुक आहे एवढं कळतं. कोणत्या प्लाझ्मिडवर, ते नाही. नॅनोपोअरचे रीड हजारो बेसचे, त्यामुळे प्लाझ्मिडचं वर्तुळ पूर्ण जुळतं. शिवाय एकत्र लावायला पुरेसे नमुने जमून बॅच भरेपर्यंत थांबायला नको, आणि मशीन चालू असतानाच डेटा हातात यायला लागतो.

पण नॅनोपोअरचे नखरेही आहेत. डीएनए हळुवार काढावा लागतो. ट्यूब व्होर्टेक्स या ढवळणाऱ्या यंत्रावर जोरात फिरवली की लांब धागे तुटले. जंतूच्या काही स्ट्रेनमध्ये (उपप्रकारांत) मिथाइल हा रासायनिक गट लागलेल्या बेसवर वाचन चुकतं आणि नसलेले फरक दिसतात. आर10 या नॅनोपोअरच्या सुधारित फ्लो सेलने (डीएनए वाचणाऱ्या चिपने) हे बरंच कमी केलं, संपवलं नाही.

एकाच प्रजातीचे भरपूर नमुने नियमित येत असतील तर इल्युमिना घ्या. नमुने थोडे, प्रजाती अनेक आणि निर्णय याच आठवड्यात हवा असेल, तर माझं मत नॅनोपोअरला. रुग्ण घरी गेल्यावर आलेला बिनचूक रिपोर्ट आयसीयूच्या फारसा कामाचा नाही. दोन्ही परवडत असतील तर सगळे नमुने इल्युमिनावर लावा आणि प्लाझ्मिडचा संशय असलेले निवडक तेवढे नॅनोपोअरवर.

आणि मशीनची ऑर्डर देण्याआधी जंतू उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये साठवायला लागा. बऱ्याच लॅबमध्ये रिपोर्ट गेला की जंतूची प्लेट निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये जाते, आणि मग नवा नमुना जुळवायला जुनं काही उरत नाही.