८४० नंबरची गंमत

मी सबटायटलं करते, इंग्रजीतून मराठीत. मध्यंतरी एका मालिकेत शाळेची हेडमिस्ट्रेस वर्गात खिदळणाऱ्या पोरांना म्हणाली, 'आय अ‍ॅम नॉट अम्यूज्ड.' मी झोपेच्या तारेत लिहून टाकलं, 'मला मजा आली नाही.' तपासणीतून ते लाल खूण करून परत आलं, आणि बरोबरच होतं. बाई चिडलीय, तिला काय जत्रेत पाळण्यात बसवलं होतं? शेवटी 'हा काय पोरखेळ आहे?' वर निभावलं. त्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन रोजेच्या थिसॉरसची, म्हणजे इंग्रजी समानार्थी शब्दांच्या कोशाची, जुन्या आवृत्तीवरून छापलेली एक स्वस्त प्रत घेतली. एकशे वीस रुपये. कोणी छापली ते सांगत नाही, का ते पुढे कळेलच.

रोजे हा पेशाने डॉक्टर. पुस्तक १८५२ मध्ये निघालं तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. त्याने शब्द अर्थाप्रमाणे हजार खणांत लावले. मागच्या सूचीत शब्द शोधायचा, तिथे पानाचा नव्हे तर खणाचा नंबर मिळतो. अम्यूजमेंट ८४० वर. फन, फ्रॉलिक, पास्टाइम, स्पोर्ट, डायव्हर्जन, पुढे बफूनरी आणि टॉमफूलरीपर्यंत सगळी वरात एका मांडवात. आणि लगेच ८४१ वर काय, तर वीअरिनेस! करमणुकीच्या भिंतीला भिंत लावून कंटाळा. विरुद्ध अर्थ शेजारीशेजारी ठेवायची त्याची पद्धतच आहे, पण या जोडीवर मी खूश झाले. आपला 'करमणूक' शब्द तरी कुठून आलाय? 'पोरं गेल्यापासून करमत नाही' म्हणतो आपण. त्या न करमण्यावरचा उतारा म्हणजे करमणूक.

मात्र यातला कुठला शब्द कुठे बसतो, हे पुस्तक अवाक्षराने सांगत नाही. ते आपलं आपण जमवायचं. मी मोठा शब्दकोश शेजारी उघडून बसले आणि दुपार गेली. अम्यूजच्या मुळाशी फ्रेंचमध्ये आ वासून बघत राहणं आहे. दोन-तीनशे वर्षांपूर्वी इंग्रजीत शत्रूला 'अम्यूज' करायचे, म्हणजे इकडे झुलवत ठेवून तिकडे डाव साधायचा. फनसुद्धा आधी फसवाफसवीचाच. इंग्रजी कोशकार जॉन्सनने १७५५ च्या कोशात त्याला हलक्या बोलीतला ठरवून टाकलं होतं. डायव्हर्जन म्हणजे वळवणं, मग ते मन असो नाहीतर रस्त्यावरची वाहतूक. एंटरटेनमध्ये मात्र धरून ठेवणं, सांभाळणं आहे, म्हणून त्यात पाहुण्यांची उठबस येते. 'असल्या लोकांना एंटरटेन करू नका' असं आपल्याकडचे साहेब म्हणतात, तेव्हा ते नाचगाण्याबद्दल बोलत नसतात, हे शिपायालाही कळतं.

एवढं झाल्यावर 'अम्यूज्ड'चा माझ्यापुरता हिशेब लागला. हसू ओठांच्या कोपऱ्यातच राहतं आणि माणूस जरा वरून, अंतरावरून बघत असतो. आपल्याकडे 'गंमत वाटली' त्याच्या जवळ जातं, 'मजा आली' नाही. आणि 'बिम्यूज्ड' याचा सख्खा भाऊ वाटतो पण तो गोंधळलेला असतो. त्यावर मी दोनदा आपटलेय.

तेव्हा ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी जिभेवर येत नाही, त्याने हे पुस्तक जरूर घ्यावं. दहावी-बारावीच्या मुलांच्या हातात एकटं देऊ नये. निबंधात भारी दिसतो म्हणून 'हॅपी'च्या जागी 'जोकोज', म्हणजे थट्टेखोर, ठोकतील.

आता प्रतीबद्दल. कागद वर्तमानपत्राच्या वरताण पातळ, मागची अक्षरं पुढे दिसतात. आणि सूचीतला एक अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा, उलटा बांधलाय, त्यात नेमका 'ई' गेलाय. म्हणजे एंटरटेनमेंट डोक्यावर उभी. बदलून मागायला गेले. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून पानं चाळली आणि म्हणाला, "ताई, उलटं आहे, कोरं नाही ना? मग पुस्तक फिरवायचं."

फिरवते.